कर आहे, कायदा नाही!

सकाळच्या साडेआठच्या उपनगरी गाडीत जी चर्चा चालते तिला आम्ही फार मान देतो. या शहराच्या मनात काय घोळत आहे हे सभागृहांतील भाषणांच्या किती तरी आधी त्या गर्दीत कळते. एके काळी तेथे युनिट ट्रस्टची गोष्ट निघे, पुढे समभागांची निघू लागली, मग म्युच्युअल फंडांची. गेली काही वर्षे ती जागा आभासी चलनाने बळकावली आहे. बिटकॉइन हा शब्द आता बँकेतील लेखनिकास, औषधांच्या दुकानातील मदतनिसास आणि निवृत्त मुख्याध्यापकास सारखाच परिचित झाला आहे. त्याचा अर्थ मात्र तिघांच्या लेखी निरनिराळा आहे, आणि तिघेही आपापल्या अर्थाविषयी अगदी निःशंक आहेत.

एक म्हणतो, हा शुद्ध सट्टा. मटक्याला इंग्रजी नाव दिले एवढेच. दुसऱ्याचे म्हणणे असे की, बँका बुडतात, सरकार एका रात्रीत नोटा रद्द करते, तेव्हा जे कोणाच्याच हाती नाही असे चलन असलेले बरे. तिसऱ्याच्या मते हे नव्या पिढीचे सोने आहे आणि ज्यांनी ते वेळीच घेतले नाही ते आता हात चोळीत बसले आहेत. चौथा मनुष्य सहसा शेवटी बोलतो आणि बहुधा वाद जिंकतो. तो म्हणतो, “अहो, सरकार त्यावर तीस टक्के कर घेते. बेकायदा असते तर कर घेतला असता का?” यावर मंडळी गप्प होतात. या विषयाला आज पहिल्या पानावर जागा दिली आहे ती मुख्यतः या चौथ्या गृहस्थासाठी. कारण त्याचा युक्तिवाद चुकीचा आहे, आणि त्या चुकीचा दोष त्याच्याकडे नसून सरकारकडे आहे.

मुळात ही वस्तू काय आहे ते थोडक्यात सांगणे अवश्य आहे. ३१ ऑक्टोबर २००८ रोजी सातोशी नाकामोतो हे नाव धारण करणाऱ्या कोणी तरी नऊ पानांचा एक निबंध प्रसिद्ध केला. ही एक व्यक्ती होती की मंडळ होते हे आजवर निश्चित झालेले नाही. अमेरिकेतील मोठमोठ्या पेढ्या त्या वेळी धडाधड कोसळत होत्या, आणि दोन माणसांना मध्ये बँक न घेता परस्परांस पैसे देता यावेत अशी युक्ती या निबंधात मांडली होती. ३ जानेवारी २००९ रोजी ती प्रत्यक्षात आली. आपल्याकडील पेढीवर रोजकीर्द आणि खतावणी असते व ती मुनीमजींच्या ताब्यात असते. येथे मुनीमजीच नाहीत. एकाच खतावणीच्या तंतोतंत सारख्या प्रती जगभरच्या हजारो संगणकांवर ठेविलेल्या असतात. नवा व्यवहार नियमांत बसतो असे या संगणकांनी पडताळून पाहिल्यावरच तो वहीत चढतो, आणि एकदा खोल रुजलेली नोंद कोणास खोडता येत नाही. नाण्यांची एकंदर संख्या २ कोटी १० लाखांच्या पुढे जाणार नाही अशी तजवीज आरंभीच करून ठेविली आहे. ही कल्पना असामान्य बुद्धीची आहे हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. तिची थट्टा करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी ती समजून घेण्याचे कष्ट घेतलेले नसतात.

परंतु बुद्धिमान कल्पना ही एक गोष्ट आणि चलन ही दुसरी. मे २०१० मध्ये अमेरिकेतील एका गृहस्थाने दोन पिझ्झांसाठी १०,००० बिटकॉइन दिले. डिसेंबर २०२४ मध्ये एका बिटकॉइनचा भाव एक लाख डॉलरच्या वर गेला, म्हणजे त्या दोन पिझ्झांची किंमत शंभर कोटी डॉलर झाली! ही गोष्ट बिटकॉइनचे भक्त मोठ्या कौतुकाने सांगतात. आम्हांस मात्र तिच्यात त्या चलनाचे सारे वैगुण्य साठविलेले दिसते. जे नाणे खर्च केल्याचा माणसास जन्मभर पश्चात्ताप होतो ते नाणे कोणी खर्च करीत नाही, आणि ज्याने कोणी काही विकत घेत नाही त्यास चलन म्हणणे हा शब्दाचा दुरुपयोग आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये हेच बिटकॉइन ६८,००० डॉलरच्या पलीकडे गेले होते आणि बरोबर एका वर्षाने ते १६,००० च्या आसपास उतरले होते. ज्या मापाची लांबी दर महिन्यास बदलते त्याने दादरच्या बाजारात कोणी कापड मोजून घेणार नाही. मध्य अमेरिकेतील एल साल्वादोर या लहानशा देशाने ७ सप्टेंबर २०२१ पासून बिटकॉइनला कायदेशीर चलनाचा दर्जा देऊन पाहिला. जनतेने ते फारसे वापरलेच नाही; अखेर आंतरराष्ट्रीय नाणेनिधीशी कर्जाचा करार करताना तेथील सरकारने जानेवारी २०२५ मध्ये कायदा बदलून दुकानदारांवरील सक्ती काढून टाकली.

आपल्याकडे तर त्याची गरजही नव्हती. २०१६ पासून सुरू झालेल्या यूपीआयने गल्लीतील भाजीवालीपर्यंत विनामूल्य आणि क्षणार्धात पैसे पोहोचविण्याची सोय केली आहे; ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात तिच्यावर एक हजार कोटींहून अधिक व्यवहार झाले. अर्जेंटिना, व्हेनेझुएला, नायजेरिया येथील गृहस्थ डॉलरशी जखडलेली आभासी नाणी जवळ बाळगतो, कारण त्याच्या देशाचे चलन त्याच्या डोळ्यांदेखत विरघळत असते. त्याला वेडा ठरविण्याचा अधिकार आपणांस नाही. रुपयाही झिजतो हे खरे, पण ठाणे किंवा कोथरूड येथील नोकरदार बिटकॉइन घेतो तो रुपया विरघळतो म्हणून घेत नाही. भाव चढेल म्हणून घेतो. हे एकदा प्रामाणिकपणे कबूल केले की पुढचे बोलणे सोपे होते.

तथापि दुसऱ्या मताची, म्हणजे बँकांवरील अविश्वासाची, आम्ही अशी सहज बोळवण करणार नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले तेव्हा ठेवीदारास सहा महिन्यांत एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. जन्मभराची पुंजी तेथे ठेविलेल्या माणसांना आम्ही त्या दिवसांत शाखांच्या बंद दारांपुढे उभे असलेले पाहिले आहे. पुढे मर्यादा वाढली, नंतर बँक दुसऱ्या संस्थेत विलीन झाली आणि मोठ्या ठेवीदारांच्या वाट्याला दहा वर्षांच्या हप्त्यांचे वेळापत्रक आले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारांत पुन्हा तशाच रांगा लागल्या. ज्या मुलाने आपल्या वडिलांना अशा रांगेत पाहिले, त्याने ‘रिझर्व्ह बँकेची देखरेख’ हे शब्द ऐकून हसावे यात नवल नाही. ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्रही कोणी विसरलेले नाही. सरकारी शिक्क्यावरची श्रद्धा अशी ठिकठिकाणी तडकलेली असताना तरुणांना नवे दैवत सापडले, तर त्यांना अश्रद्ध म्हणणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

पण या तरुणाने बँकेतून पाऊल काढले ते कोठे ठेविले? मध्यस्थ नको म्हणून जन्मलेले हे नाणे त्याने एका मध्यस्थाकडूनच घेतले. आपल्या दूरध्वनीवर एक ॲप उतरवून घेतले, त्यात रुपये भरले आणि पडद्यावर एक आकडा पाहिला. खतावणीतील नाण्यावर हुकमत चालविणारी गुप्त चावी त्याच्यापाशी आलीच नाही. ती त्या कंपनीपाशी राहिली. म्हणजे त्याने बँक सोडून दुसऱ्या बँकेत पैसे ठेविले, फक्त या दुसऱ्या बँकेवर देखरेख नाही, तिच्या ठेवींना विमा नाही आणि तिचा मालक कोणत्या देशात आहे याचीही पुष्कळदा खात्री नाही. २०१४ साली जपानमधील माउंट गॉक्स ही पेढी अशीच बुडाली. नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडाली. ग्राहकांच्या पैशांवर डल्ला मारल्याबद्दल तिच्या तरुण संस्थापकास मार्च २०२४ मध्ये पंचवीस वर्षांची शिक्षा झाली. ही उदाहरणे परदेशची म्हणून आपण कानाआड केली. मग १८ जुलै २०२४ हा दिवस उजाडला. वझीरएक्स या भारतातील एका प्रमुख बाजारपेढीच्या तिजोरीतून २३ कोटी डॉलरच्या आसपास मूल्याची आभासी मालमत्ता चोरांनी लांबविली. ग्राहकांना पैसे काढण्यास बंदी झाली. अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरिया यांच्या सरकारांनी जानेवारी २०२५ मध्ये या चोरीचे खापर उत्तर कोरियाच्या हस्तकांवर फोडले.

चोरी कोणत्याही पेढीत होऊ शकते. आम्हांस त्या चोरीपेक्षा तिच्यानंतरचा प्रकार अधिक उद्बोधक वाटतो. या ग्राहकांपैकी लक्षावधी लोक भारतीय, त्यांनी रुपये भरलेले, ॲपवर त्यांची पॅन-आधाराची कागदपत्रे; आणि त्यांच्या पैशांचे काय करावयाचे याचा निकाल मात्र सिंगापूरच्या उच्च न्यायालयात लागावयाचा, कारण कारभार तेथील कंपनीच्या नावे! नुकसान सर्व ग्राहकांवर वाटून टाकण्याची योजना तेथे मांडली गेली. ज्यांची नाणी चोरीस गेलीच नव्हती त्यांनाही त्या खड्ड्यात भर घालावयाची होती. वर्षाहून अधिक काळ लोकांचे पैसे अडकून राहिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने अशाच एका ग्राहक महिलेच्या अर्जावर निर्णय देताना, आभासी चलन ही मालमत्ता आहे आणि ती विश्वस्त म्हणून सांभाळता येते, असे स्पष्ट सांगितले व त्या महिलेस संरक्षण दिले. या निर्णयाचे आम्ही स्वागत करतो. पण प्रत्येक ठेवीदाराने स्वतःच्या पैशांसाठी उच्च न्यायालयाची पायरी चढावी ही काही राज्यकारभाराची रीत नव्हे.

येथे एका जुन्या गोष्टीचे स्मरण होते. १९६० साली पलाई सेंट्रल बँक आणि लक्ष्मी बँक या दोन बँका बुडाल्या. देशभर ठेवीदारांत घबराट पसरली. त्या वेळच्या सरकारने काय केले? ठेव विमा महामंडळाचा कायदा संसदेकडून करवून घेतला आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेवींना विम्याचे संरक्षण दिले. दोन वर्षेही लागली नाहीत. आज ती मर्यादा पाच लाख रुपये आहे आणि पंजाब-महाराष्ट्रच्या लहान ठेवीदारास शेवटी जो आधार मिळाला तो या जुन्या कायद्यामुळेच मिळाला. आभासी चलनाच्या नोंदी बिनचूक असतील, पण त्या चलनाच्या बाजारात असा पलाईनंतरचा कायदा अद्याप झालेला नाही.

तिसरे मत सोन्याचे. त्यात थोडे तथ्य आहे: संख्या मर्यादित, कोणा सरकारला ते वाटेल तेवढे छापता येत नाही. जानेवारी २०२४ पासून अमेरिकेत बिटकॉइनवर आधारलेले फंड रीतसर शेअरबाजारात विकले जात आहेत, हेही नाकारता येणार नाही. परंतु आपल्या घरातील सोने हा गुंतवणुकीचा कागद नसतो. ते पाडव्याला घेतलेले असते, मुलीच्या अंगावर चढते, अडीअडचणीला सराफाकडे किंवा बँकेत गहाण पडते आणि सुटून परत येते. घरातल्या सर्वांना ते कोठे ठेविले आहे हे ठाऊक असते. बिटकॉइनची गोष्ट उलटी आहे. ज्याच्यापाशी चावी तोच मालक. तो अकस्मात गेला आणि चावी कोठे लिहून ठेविलेली नसली तर पत्नीला, मुलांना, कोणत्याही न्यायालयाला ते नाणे खतावणीतून हलविता येत नाही. बँकेत निदान वारसदाराच्या नावाचा एक अर्ज तरी भरून घेतात. तरुण गुंतवणूकदारांपैकी किती जणांनी घरी हे सांगितले आहे? आमच्या परिचयाच्या चार घरांत आम्ही चौकशी केली. तीन घरांत आईवडिलांना मुलाचे ॲपवर खाते आहे हेच माहीत नव्हते, आणि चौथ्या घरात ते माहीत होते ते वडिलांचेच पैसे त्यात होते म्हणून.

पहिले मत, म्हणजे ‘हा सट्टा आहे’ हे, आम्हांस सर्वांत अधिक पटते. पण त्या मताचे लोक जेव्हा ‘आमच्या काळी असे नव्हते’ अशी पुस्ती जोडतात तेव्हा मुंबईकरांस हसू आले पाहिजे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ नंतर तेथील कापूस इंग्लंडला जाईनासा झाला, मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि त्या पैशांच्या पुरात या शहराने जो सट्टा केला तसा क्वचितच कोठे झाला असेल. बँका निघाल्या, वित्तसंस्था निघाल्या, समुद्रात भराव घालणाऱ्या कंपन्या निघाल्या; बॅकबे कंपनीच्या भागांना मूळ किमतीच्या अनेक पट अधिमूल्य देण्यास लोक झुंबड करू लागले. त्या भरावावर पुढे काय उभे राहणार याची चौकशी कोणी करीत नव्हते, उद्या हा भाग आपल्याकडून अधिक भावाने कोण घेईल एवढेच विचारीत होते. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेचा सेनापती ली शरण आला, कापूस कोसळला, आणि १ जुलै १८६५ रोजी वायद्यांचे देणे चुकते करण्याचा दिवस आला तेव्हा शहरातील नामांकित घराणी नादार ठरली. बँक ऑफ बॉम्बे त्यातून सावरली नाही. या साऱ्या उलाढालीचा सूत्रधार प्रेमचंद रायचंद; त्यानेच दिलेल्या देणगीतून विद्यापीठाचा राजाबाई मनोरा उभा राहिला. फोर्टमध्ये नोकरीस जाणारा जो तरुण आज गाडीत बसून भावाची रेघ पाहत असतो, तो रोज त्या मनोऱ्याच्या घड्याळाखालून जातो.

त्या वेळच्या कंपन्यांपाशी निदान समुद्र होता. फेब्रुवारी २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर शक्तिकांत दास यांनी आभासी चलनामागे कोणतीच मूलवस्तू नाही, ट्यूलिपचे फूलदेखील नाही, असा अभिप्राय दिला होता. डच लोकांना बुडविणाऱ्या फुलापाशी निदान रंग होता, असा त्याचा आशय.

या धुक्याचा खरा फायदा उठविला तो ठकांनी. गेनबिटकॉइन हे प्रकरण पुणेकरांच्या चांगलेच ध्यानात असेल. बिटकॉइन आमच्याकडे ठेवा, दरमहा दहा टक्के याप्रमाणे अठरा महिने घ्या, असे आश्वासन देऊन २०१५ पासून देशभरातील लोकांकडून पैसे गोळा केले गेले. सक्तवसुली संचालनालयाच्या आरोपानुसार ही रक्कम ६,६०० कोटी रुपयांच्या घरात जाते. मोबदला पुढे बिटकॉइनऐवजी चालकांच्या स्वतःच्या, जवळजवळ कवडीमोल नाण्यात देण्यास सुरुवात झाली. २०१८ मध्ये पुणे पोलिसांनी मुख्य आरोपीस पकडले, २०२२ मध्ये तो मरण पावला, प्रकरण पुढे केंद्रीय अन्वेषण विभागाकडे गेले. मधल्या काळात आणखी एक प्रकार झाला. तपासास साहाय्य करण्यासाठी पोलिसांनी ज्यांना तज्ज्ञ म्हणून बोलाविले होते त्या दोघांनाच, तपासातील नाणी परस्पर वळविल्याच्या आरोपावरून, मार्च २०२२ मध्ये अटक झाली! आम्ही पूर्वी शाळेत चक्रवाढ व्याजाची उदाहरणे फळ्यावर सोडवून घेत असू. दरमहा दहा टक्क्यांनी अठरा महिन्यांत एका रुपयाचे साडेपाच रुपये होतात हे सातवीतील विद्यार्थ्यास काढता येते, आणि असा व्यापार पृथ्वीच्या पाठीवर कोठेही प्रामाणिकपणे चालत नाही हे त्याच्या शिक्षकास ठाऊक असते. तरी या योजनेत शिकलेली माणसे सापडली. याचे कारण आमच्या मते लोभ हे आहेच, पण एवढेच नाही. जी वस्तू समजत नाही तिच्याविषयी विचारावे कोणाला, हा त्यांच्यापुढचा प्रश्न होता. बँकेच्या व्यवस्थापकास विचारावे तर तो हात झटकतो, सेबीचे या वस्तूवर नियंत्रण नाही, आणि पोलीस स्वतःच तज्ज्ञांच्या शोधात.

आता सरकारच्या वर्तनाकडे वळू. रिझर्व्ह बँकेने डिसेंबर २०१३ मध्ये पहिला इशारा दिला. एप्रिल २०१८ मध्ये तिने बँकांना या व्यवहारांशी संबंध तोडण्याचा आदेश दिला. २०१९ मध्ये केंद्र सरकारच्याच एका समितीने संपूर्ण बंदीची शिफारस केली. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने रिझर्व्ह बँकेचा आदेश रद्द केला. बँकेला अधिकार आहे, पण उपाय अपायाच्या प्रमाणाबाहेर आहे, असे न्यायालय म्हणाले. २०२१ च्या हिवाळी अधिवेशनासाठी एक विधेयक विषयपत्रिकेवर आले आणि सभागृहात न येताच दिसेनासे झाले. मग १ फेब्रुवारी २०२२ च्या अर्थसंकल्पात या वस्तूस ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ असे नाव मिळाले आणि तिच्या नफ्यावर तीस टक्के कर बसला. कर लावला म्हणजे वैधता दिली असे नव्हे, नफ्यावर कर घेणे हा सरकारचा सार्वभौम हक्क आहे, असा खुलासा अर्थमंत्र्यांनी त्याच महिन्यात संसदेत केला. तो खुलासा संसदेच्या दप्तरात राहिला. गाडीतील चौथ्या गृहस्थापर्यंत पोहोचला तो फक्त कर.

आणि हा कर तरी कसा? समजा, एखाद्याने एका नाण्यात एक लाख रुपये मिळविले आणि दुसऱ्यात एक लाख गमावले. त्याच्या हाती शून्य. समभागांच्या बाबतीत नफ्यातून तोटा वजा करण्याची सोय आहे. येथे ती मुद्दाम नाकारली आहे. म्हणून त्याने एका लाखावर तीस हजार रुपये आणि वर उपकर भरावयाचा. शिवाय १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर एक टक्का उद्गम कर. आम्ही सट्टेबाजांचे कैवारी नाही. पण ज्या वस्तूस आपण बंदी करीत नाही, जिचे नियमनही करीत नाही, तिच्या नफ्यात मात्र पहिल्या पंगतीला बसावयाचे आणि तोट्याच्या वेळी ओळख द्यावयाची नाही, ही रीत एखाद्या सावकारास शोभेल. लोकनियुक्त सरकारास शोभत नाही. मार्च २०२३ पासून या पेढ्यांना काळ्या पैशास आळा घालणारा कायदा लागू झाला व केंद्र सरकारच्या वित्तीय गुप्तवार्ता विभागाकडे त्यांना नोंदणी करावी लागते, हे पाऊल योग्य आहे. परंतु ती नोंदणी सरकारला संशयित व्यवहार कळावेत म्हणून आहे. ग्राहकाचे पैसे सुरक्षित राहावेत म्हणून नाही. जाहिरातीत ती अशी मिरविली जाते की सामान्य वाचक तिला सरकारी शिफारस समजतो. त्याच जाहिरातीच्या तळाशी ‘हे अनियंत्रित आहे’ असा इशारा बारीक अक्षरांत असतो. तो इशारा खरा आहे, आणि एवढे खरे विधान या सबंध प्रकरणात दुसरे सापडणे कठीण.

मग बंदी करावी काय? रिझर्व्ह बँकेतील अनेक जाणत्या अधिकाऱ्यांचे मत तसे आहे आणि त्यांच्या हेतूविषयी आम्हांस शंका नाही. पण १९६३ चे सुवर्णनियंत्रण आमच्या पिढीने घराघरांतून ऐकले आहे. मोरारजी देसाईंनी चौदा कॅरटचा दंडक घातला. सोन्याची हाव कमी झाली नाही, चोरटी आयात फोफावली, आणि भरडला गेला तो पिढीजात सोनार. १९९० मध्ये तो कायदा निमूटपणे मागे घ्यावा लागला. जे सोने हाताला लागते ते जर रोखता आले नाही तर जे केवळ अंकांचे आहे ते कसे रोखणार? बंदीने आज उघड चाललेला व्यवहार हवालावाल्यांच्या हाती जाईल आणि फसलेल्या माणसास तक्रार करण्याचीही चोरी होईल. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही, एका जामीनअर्जाच्या सुनावणीत, केंद्र सरकारला स्पष्ट धोरण का नाही असे विचारले होते.

हवे आहे ते फार मोठे नाही. या बाजाराचा नियंत्रक कोण, सेबी की रिझर्व्ह बँक, हे एकदा ठरवावे. ग्राहकांची नाणी कंपनीच्या मालमत्तेपासून वेगळी ठेविली पाहिजेत आणि त्यांची तपासणी स्वतंत्र हिशेबनिसाकडून झाली पाहिजे. भारतीयांकडून रुपये घेणाऱ्या पेढीने भारतीय न्यायालयातच उत्तर दिले पाहिजे. सिंगापूरचा पत्ता दाखविण्याची सोय तिला असता कामा नये. तोटा वजा करू द्यावा. आणि ठेव विमा या व्यवहारास लागू नाही, ही गोष्ट खाते उघडतानाच, मराठीत, ठळक अक्षरांत, ग्राहकाची सही घेऊन सांगावी.

पंचवीस वर्षांच्या मुलाने आपल्या पगारातील बुडाले तरी चालतील एवढे पैसे यात घातले तर त्याच्याशी आमचे भांडण नाही. त्याच्या वयात माणसाने थोडे साहस करावे. आमचा जीव तुटतो तो साठीच्या वडिलांसाठी, ज्यांनी भविष्यनिर्वाह निधीचा धनादेश मिळाल्यावर मुलाला विचारले, “हे काही धोक्याचे तर नाही ना रे?” आणि मुलाने उत्तर दिले, “नाही हो बाबा, सरकार कर घेते त्यावर.” मुलगा खोटे बोलत नव्हता. त्याचा खरोखरच तसा समज होता. असा समज होण्यास सरकारने २०२२ पासून पुरेसा अवधी दिला आहे. २०२१ च्या विषयपत्रिकेवर येऊन नाहीसे झालेले ते विधेयक, त्यातील बंदीचा भाग काढून व ठेवीदारांच्या संरक्षणाचा भाग घालून, अर्थमंत्र्यांनी संसदेच्या येत्या अधिवेशनात मांडावे, आणि त्याआधी निदान तीन महिने त्याचा मसुदा लोकांपुढे ठेवावा, अशी आमची मागणी आहे.